देवघरातला राउटर

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. लग्न होऊन ती उमरखेडला आली त्या आठवड्यापासून वाटतो, आणि तो कमी व्हावा म्हणून मी फारशी धडपडही केलेली नाही. हेवा वाईट असतो म्हणतात. असेल. सांगणाऱ्यांनी चार दिवस माझ्या जागी राहून बघावं आणि मग सांगावं.

ती बाभुळगावची, मी ढाणकीची. ढाणकी आमच्याच तालुक्यात, एसटीत बसून डोळा लागायच्या आत उतरायची वेळ येते, त्यामुळे माझ्या माहेरचं कुणाला अप्रूप असायचं कारण नाही. बाभुळगाव मात्र जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, यवतमाळच्या शेजारी. "आमची लहानी यवतमाळकडची आहे," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, आणि अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी विमानानं आणली. घरात मी मोठी आणि ती लहानी. माझ्या पोळ्या जाड झाल्या की त्या जाड असतात, तिच्या जाड झाल्या की पोटभरीच्या असतात. मी गप्प बसले तर मी घुमी, ती गप्प बसली की तिचं डोकं दुखत असतं. आणि ते दुखायला लागलं की ती अर्धा दिवस वरच्या मजल्यावर पंखा लावून पडून राहते, आणि सासूबाई स्वतः जिना चढून तिला चहा नेऊन देतात. माझं डोकं दुखत नाही असं नाही. पण माझ्या डोक्याला जिना नाही.

महिन्याचे चार दिवस मात्र मलाही पडून राहायला मिळायचं. मी बाजूला बसायची. ढाणकीला आईनं लग्नाआधी बजावून ठेवलं होतं, सासरी गेल्यावर पाळी आली की आधी सासूला सांगायचं. पहिल्याच महिन्यात मी जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं." मी सतरंजी उचलली आणि मागच्या खोलीत गेले. तेव्हापासून दर महिन्याला तसंच चालत आलं. स्वयंपाकघराला हात नाही, देवघराकडे फिरकणं नाही, ताट-वाटी वेगळी. मागच्या खोलीत तुरीची पोती असतात, फवारणीचा पंप असतो, आणि त्या चार दिवसांत मी असते. लहानीचं बसणं म्हणजे ते वर पंख्याखाली पडणं, असं मी धरून चालले होते. असल्या गोष्टी जावाजावांत कोणी विचारत नाही. तिला मऊ गादी आणि मला पोत्यांचा वास, एवढं मात्र मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

आमच्या घरी माझे यजमान शेती बघतात आणि दीर बी-बियाणं, औषधांचं दुकान चालवतात. दुकानाची बिलं घरी बसून करता यावीत म्हणून दिरांनी वायफाय घेतलं. तार टाकायला माणूस आला तेव्हा राउटर ठेवायचा कुठं, यावर घरात बैठक भरली. आमच्याकडे दिवसा लाइट जाते. इन्व्हर्टरवर चालणारा प्लग घरात एकच, तो देवघरात, सासूबाईंच्या विजेच्या समईसाठी काढून घेतलेला. मग राउटर देवघरात गेला. देवांच्या तसबिरींशेजारी फळीवर तो बसला, आणि दुसऱ्याच गुरुवारी सासूबाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं. "त्याचाबी दिवा रातदिन जळते," त्या म्हणाल्या. समईला बिचारीला पलीकडच्या साध्या प्लगवर जावं लागलं.

मी नववी-दहावीला गणित शिकवायची, गावातल्याच एका खाजगी शाळेत. तुकड्या कमी झाल्या आणि माझी गरज संपली. त्यानंतरची दोन वर्षं मी घरात होते, म्हणजे नेमकी कुठं होते हे मलाही सांगता येणार नाही. अशात नागपूरच्या एका ऑनलाइन शिकवणीला मराठी माध्यमाच्या मुलांसाठी गणिताच्या शिक्षिका हव्या आहेत असं कळलं. मी अर्ज केला, त्यांनी नमुना तास घ्यायला सांगितलं. फोनवर चालणार नाही, लॅपटॉप हवा, मुलांना फळा दिसला पाहिजे. मी शाळेतल्या पगारातून मागे टाकलेले पैसे काढून लॅपटॉप मागवला. मला पुन्हा शिकवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

लॅपटॉप आला तो तासाच्या आदल्या संध्याकाळी, आणि त्याच दुपारी मी मागच्या खोलीत गेलेली होते. पार्सल मीच उघडलं. सासूबाई दारातून बघत होत्या. लहानीचा नवा फोन आला तेव्हा त्याला हळदकुंकू, अक्षता, पुढ्यात पेढा, सगळं झालं होतं. माझ्या लॅपटॉपकडे बघून त्या म्हणाल्या, "आता तू शिवली त्याले. नाहून झाली का मंग पूजा करू." आणि निघून गेल्या. मी झाकण लावलं आणि चार्जिंगला ठेवून दिला.

सकाळी यजमान वावरात गेले. तास अकरा वाजता होता. अंघोळ उरकून मी सतरंजीवर बसले, एका तुरीच्या पोत्याला पाठ टेकवली आणि लॅपटॉप चालू केला. त्यानं भाषा विचारली, देश विचारला, कीबोर्ड विचारला, आणि मग म्हणाला, नेटवर्कला जोडा. पुढे जायला दुसरं बटणच नाही. खाली यादी आली. शेजारच्या दवाखान्याचं नेट, समोरच्या मोबाईलवाल्याचं नेट, आणि सगळ्यांत खाली, सिग्नलच्या एकाच कमानीचं, आमचं. मला पाठ असलेला पासवर्ड टाकला. चुकीचा. सावकाश, एकेक अक्षर बघून टाकला. चुकीचा.

मग आठवलं. महिन्यापूर्वी विजा कडाडल्या तेव्हा जुना राउटर जळाला होता आणि दिरांनी नवा बसवला होता. तेव्हा लहानी माझा फोन मागून घेऊन गेली आणि जोडून परत आणून दिला. पासवर्ड काय आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारला नाही, कारण तिला विचारायचं माझ्या जिवावर येतं. आता फोनात शोधून पाहिलं तर नुसतं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं चित्र दिसलं, अक्षर एकही नाही. फोनचंच इंटरनेट लॅपटॉपला देऊन पाहिलं, पण मागच्या खोलीत रेंजची कांडी एक येते आणि एक जाते. गोल फिरत राहिलं.

दीर बियाण्याच्या कंपनीच्या मीटिंगला अकोल्याला गेले होते. त्यांना फोन लावला.

"वहिनी, काही नाही, राउटरच्या बुडाले चिठ्ठी चिकटवलेली आहे," ते म्हणाले. "उचलून पाहून घ्या ना."

मी 'बरं' म्हणाले. दिराला आणखी काय सांगणार? देवघर माझ्यापासून एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढंच लांब होतं. तिथं फळीवर तो डबा होता, त्याच्या बुडाशी माझी नोकरी चिकटवलेली होती, आणि मला तिथं जाता येत नव्हतं. मी बसल्या जागी रागानं लाल झाले. दिरांवर, राउटरवर, त्या एका प्लगवर आणि आपल्या अंगावर.

शेवटी लहानीला हाक मारली. ती वरून केस विंचरत उतरली. दीर नसले की दुकान तीच उघडते, तिची निघायची घाई होती. मी अडचण सांगितली. सांगताना माझा आवाज किती कोरडा निघाला ते मलाच ऐकू आलं.

"एवढंच ना ताई? थांबा, मी आणतो."

ती गेली. चपला काढल्याचा आवाज आला, मग फळीवर डबा सरकवल्याचा. दोन मिनिटांत ती चिठ्ठीचा फोटो काढून घेऊन आली, माझ्याशेजारी सतरंजीवरच बसली आणि अक्षरं मोठी करून मला वाचून दाखवू लागली. मी टाकत गेले. लॅपटॉपनं जरा विचार केला आणि जोडला गेला. एकच कमान, पण जोडला गेला. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. मग लगेच सोडलाही, कारण आपण शिवलेलं तिला चालणार नाही, पुन्हा देवघर आहे, दुकान आहे.

तिनं काही मनावर घेतलं नाही. पोटावर हात दाबून म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ ते दुखायची गोळी असन ना? माझं कालच सुरू झालं. लय चमका निघून राह्यल्या."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"कालपासून? अगं, मग तू आता देवघरात..."

"मंग?"

"तू बसत नाहीस?"

"कायले बसू?" ती हसली. "बाभुळगावले आमची आई पाळत नव्हती. इथं आल्यावर पाह्यलं, तुम्ही सांगता तं तुम्हाले बसा लागते. मी सांगितलंच नाही. नाही सांगितलं तं कोण विचारते ताई?"

"आणि ते वर पडून राहणं?"

"ते डोकं दुखते म्हणून. मले मायग्रेन आहे ना."

मी पिशवीतून गोळीची पट्टी काढून तिला दिली. तिनं पाण्याशिवायच गिळली, "ऑल द बेस्ट ताई," म्हणाली आणि दुकानाच्या किल्ल्या खुळखुळवत गेली.

लॅपटॉप स्वतःची तयारी करत होता. थोडा वेळ लागेल, बंद करू नका, असं म्हणत होता. मीही तेच करत होते. तोवर जो हेवा होता तो साधासुधा होता, पोळ्यांचा, चहाचा, पंख्याचा. आता जे उसळलं त्याला मला नीट नावही देता येईना. महालक्ष्म्यांच्या एका वर्षी ऐन जेवणाच्या दिवशी मी मागच्या खोलीत होते. लहानीनं एकटीनं पुरण घातलं, सोळा भाज्या केल्या, महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवला. जेवून जाणाऱ्या बायका दाराशी थांबून तिचं नाव काढत होत्या, आणि मला पोत्याला टेकून ते सगळं ऐकू येत होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, नशीब. आता वाटलं, नशीब कसलं, बाई नुसती गप्प राहिली! घरातली देवाची सगळी पुण्याई तिच्या हातून झाली, आणि मी खरं बोलून बोलून तुरीची पोती राखली. मला रडूही येत होतं आणि तिला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तिच्या हसण्याचा तर मला फारच राग आला.

अकरा वाजले. पडद्यावर नागपूरचे दोघं दिसले, एक सर आणि एक मॅडम. मी नमस्कार केला. मागची पोती दिसू नयेत म्हणून यजमानांची चादर टांगली होती. तास अपूर्णांकांचा होता. सुरुवातीला मी पाठ केल्यासारखी बोलत होते. मग मी पहिली आकृती काढली, तिचे भाग पाडले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "बघा बरं पोरांनो." तिथून मला माझंच बोलणं ओळखीचं वाटायला लागलं. पडद्यावरचे सर मान हलवत होते. मॅडमनी मुद्दाम ढ विद्यार्थ्यासारखी एक शंका विचारली आणि मला हसू आलं, कारण ती शंका दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

पंखा थांबला. लाइट गेली. मी घाबरले नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि राउटर इन्व्हर्टरवर. पण थोड्याच वेळात सरांची मान हलता हलता मध्येच थिजली. मॅडमचं तोंड उघडं राहिलं. मग दोघंही गेले आणि पडद्यावर आलं, इंटरनेट नाही.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच हाक मारली. मग आणखी पुढे गेले. देवघराला खिडकी नाही. आत सासूबाई पोथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे विजेची समई छान तेवत होती. राउटर आंधळा झाला होता. त्याची पिन फळीवरून खाली लोंबत होती. रोज सकाळी लाइट जाते तेव्हा नेट का जातं म्हणून दीर कंपनीला फोन करकरून शिव्या देत होते, त्याचं कारण हे असं माझ्यासमोर पोथी वाचत बसलं होतं.

"आई, ती समईची पिन काढा आणि डब्याची लावा. लवकर. माझा तास आहे."

"कोनती पिन?"

"ती काळी."

"दोन्ही काळ्याच आहेत." त्यांनी चाचपून पाहिलं. "मघा कशीतरी लागली, आता मले दिसून नाही राह्यलं. तू लाव ना येऊन."

"आई, मी बाजूला बसलेय."

"मंग? लहानी तं दुकानात गेली. कोन लावन?"

उंबरठ्याच्या अलीकडे माझे दोन्ही पाय असे चिकटले की मी खाली बघितलं. मागच्या खोलीत तो पडदा कोरा होता. मी आत गेले. त्यांना ओलांडून वाकले, समई काढली, डब्याची पिन लावली. अंधार झाला. मग एकेक करून हिरवे दिवे लागू लागले, आणि त्या हिरव्या उजेडात मला देवांचे चेहरे दिसले, सासूबाईंचा दिसला. तो रोजच्यासारखाच होता. त्या पोथीचं पान बोटानं धरून बसल्या होत्या.

मला तिथून धावत सुटायला हवं होतं. पण मला राहवलं नाही आणि मी म्हणाले, "आई, सकाळी लहानी आत आली होती. तिचं..."

"कालपासून सुरू हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे?"

"एका घरात राहून मले नाही समजत काय? पयल्या वर्षापासून माहीत हाय."

"मग तिला कधी काही म्हणाल्या नाहीत?"

"तिनं कधी इचारलं नाही. न इचारनारीले काय सांगू?"

"आणि मला? मलाच का बसवलं?"

सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं.

"तुले कोनं बसवलं? तू दर महिन्याले येऊन सांगत होती, मी बरं म्हणत होती. मले वाटलं, तुले तेवढाच आराम पाह्यजे असन."

मागच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का आम्हाला?" मी गेले. चादरीपुढे बसले. लाइट गेली होती, माफ करा, म्हणाले. राहिलेला भाग शिकवला, चांगला शिकवला. मला काय होत होतं ते त्यांना कळलं नाही, आणि एका आकृतीचे पाच भाग पाडायचे तिथं मी सहा पाडले हे माझंच मला कळलं नाही, मॅडमनी दाखवून दिलं. कळवतो म्हणाले आणि आठवड्याभरात कळवलंही. आता संध्याकाळी माझे वर्ग असतात. लॅपटॉप पुढच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून ठेवते, तिथं सगळ्या कमानी येतात.

पुढच्या महिन्यात मी सांगायला गेले नाही. सासूबाईंनी विचारलं नाही. मागच्या खोलीतली सतरंजी झटकून घडी करून ठेवली, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. एवढं सोपं होतं ते, आणि ते इतकं सोपं होतं याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आता त्या दिवसांतही सकाळी मी आणि लहानी दोघी देवघरात जातो. ती बोलत बोलत आत शिरते, फुलं ठेवते, राउटरवरची धूळ ओढणीनं पुसते आणि बोलत बोलतच बाहेर येते. मी तिच्या मागं असते. तिनं कधी थांबून बघितलेलं नाही म्हणून तिला ठाऊक नाही, पण उंबरठ्यापाशी माझा पाय दर वेळी अडतो. आत गेल्यावर देव माझ्याकडे बघतायत असं वाटत राहतं. तिला यातलं काहीही होत नाही.